रिगचा ऑडिओ कॉम्प्युटरमध्ये स्वच्छ कसा घ्यायचा: हम, आरएफ आणि आयसोलेशन

रिग (म्हणजे हॅम रेडिओचा सेट) आणि लॅपटॉप एका केबलने जोडले की बँडवरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये येतो, पण त्याच्यासोबत बिनबोलावलेलं पण बरंच काही येतं. ऑडॅसिटी ह्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग लावलं की मागे सतत गुंऽऽ (ह्यालाच हम म्हणतात), माउस हलवला की बारीक चिरचिर, आणि आपण ट्रान्समिट केलं की समोरचं स्टेशन सांगतं, ओएम (हॅम लोक एकमेकांना असं म्हणतात), तुमचा ऑडिओ फाटतोय. मग कुठेही विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. सिग्नल पुढे देणारा पण दोन्ही बाजूंचे ग्राउंड वेगळे ठेवणारा हा ट्रान्सफॉर्मर खरंच कामाची गोष्ट आहे आणि तो कसा लावायचा ते पुढे नीट लिहिलंय, पण तो फक्त एका प्रकारच्या आवाजावर चालतो. अँटेनातून आलेल्या नॉइजवर त्याचा काही उपयोग नाही, विंडोजच्या सेटिंगमुळे होणाऱ्या गडबडीवर नाही, आणि आरएफ म्हणजे आपल्याच ट्रान्समिशनची रेडिओ लहर आत शिरत असेल तर बऱ्याचदा तो एकटा पुरत नाही. म्हणून आधी आवाज कुठल्या रस्त्याने आत येतोय ते शोधायचं आणि मग खर्च करायचा, हाच क्रम ठेवा.

आधी आवाज ओळखा

ह्याला काहीही विकत आणावं लागत नाही. एसएसबी (सिंगल साइडबँड, दूरवर बोलायचा नेहमीचा मोड) मोडमध्ये रिकामी फ्रिक्वेन्सी निवडा, ऑडॅसिटी ४८००० हर्ट्झ, मोनो, १६ बिटवर ठेवा आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या काही फाइल्स करा. पहिली फाइल नेहमी जसं वापरता तसंच सगळं जोडून. दुसरी अँटेना काढून, त्याजागी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) असेल तर उत्तमच. तिसरी लॅपटॉपचा चार्जर भिंतीतल्या सॉकेटमधून काढून, फक्त बॅटरीवर. चौथी ऑडिओ केबल रिगच्या बाजूने उपटून, कॉम्प्युटरच्या बाजूला तशीच ठेवून. कॅट केबल (कॉम्प्युटरवरून रिग कंट्रोल करायची) असेल तर पाचवी फाइल ती काढून. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि व्हॉल्यूम, रेकॉर्डिंग लेव्हल कशालाही हात लावू नका, नाहीतर तुलना करता येत नाही.

आता प्रत्येक फाइल सिलेक्ट करून ॲनलाइज मेनूतलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइज १६३८४ ठेवा. ४८००० ला १६३८४ ने भागलं की जवळपास ३ हर्ट्झ येतात, म्हणजे ५० आणि १०० हर्ट्झचे सुळके एकमेकांपासून अगदी स्वच्छ वेगळे दिसतील.

इथे एक फार उपयोगी खूण आहे. एसएसबीचं फिल्टर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं काही पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झला उंच सुळका दिसला तर तो बँडवरून आलेला असूच शकत नाही, तो फिल्टरच्या नंतर कुठेतरी आत घुसलाय, म्हणजे केबल, ग्राउंड किंवा पॉवर सप्लाय. ह्यातलं नक्की कुठलं ते कळायला हेडफोन थेट रिगला लावा आणि कॉम्प्युटरच्या सगळ्या केबल काढा. तरीही गुणगुण ऐकू येतेय तर दोष १३.८ व्होल्टच्या सप्लायचा धरा, विशेषतः १०० हर्ट्झ जास्त असेल तर, कारण ब्रिज रेक्टिफायरनंतरचा रिपल आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट असतो. कपॅसिटर थकलेला जुना लिनिअर सप्लाय हमखास हेच करतो.

कॉम्प्युटर जोडला तरच हम येतोय आणि चार्जर काढला की गायब, तर तो ग्राउंड लूप किंवा चार्जरचं लीकेज. माउस, स्क्रोलिंग, यूएसबी ड्राइव्ह ह्यांच्याबरोबर बदलणारी चिरचिर असेल तर ती कॉम्प्युटरच्या ग्राउंड आणि ५ व्होल्ट लाइनवरची घाण. अँटेना काढल्यावर नॉइज थांबला तर तो रेडिओने प्रामाणिकपणे रिसीव्ह केलेला नॉइज आहे, त्याला ऑडिओ बाजूने काही करायला जाऊ नका, पैसे वाया जातील. घरातला मेन स्विच पाडून रिग बॅटरीवर चालवा, नॉइज गेला तर तुमच्याच घरात आहे, मग एकेक एमसीबी वर करत जा. एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर, वाय-फाय राउटरचा स्वस्तातला ॲडॅप्टर, बहुतेक वेळा ह्यातलंच कोणीतरी सापडतं. मेन पाडूनही तसाच राहिला तर तो शेजारून किंवा लाइनवरून येतोय, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

आणि नुसताच एकसारखा सूंऽऽ असा हिस असेल, केबल काढल्यावरही तेवढाच राहत असेल, तर तो साउंड कार्डाचा स्वतःचा आहे. म्हणजे सिग्नल फार बारीक घेतलाय आणि मग माइक बूस्ट लावून फुगवलाय.

ग्राउंड लूप आपल्या घरात कसा तयार होतो

रिगचं बॉडी सप्लायच्या तीन पिन प्लगमधून अर्थिंगला जोडलेलं असतं, शिवाय कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) शिल्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, गच्चीवरच्या अर्थला जोडलेलं असू शकतं. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा असेल तर तोही अर्थला. ह्या दोन अर्थ जागांमध्ये थोडं का होईना व्होल्टेज असतंच, जुन्या इमारतींमध्ये तर चांगलंच असतं. आता तुम्ही ऑडिओ केबल जोडली की तिच्या शिल्डमधून दोन्ही ग्राउंड जोडले गेले आणि त्या व्होल्टेजमुळे शिल्डमधून करंट वाहायला लागला. शिल्डला थोडा रेझिस्टन्स आहे, त्याच्यावर काही मिलिव्होल्ट पडतात, आणि रिसीव्ह करणारं सर्किट ह्या मिलिव्होल्टना पण सिग्नलच समजतं. माइक इनपुटला सिग्नलच मुळात काही मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे तिथे हम इतका मोठा दिसतो.

दोन पिनच्या चार्जरने लूप तुटतो असं वाटतं, पण तिथे वेगळा प्रकार असतो. एसएमपीएसमध्ये (अशा स्विचिंग सप्लायमध्ये) आरएफ फिल्टरसाठी प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये छोटा वाय कपॅसिटर असतो आणि त्यातून थोडा करंट लॅपटॉपच्या बॉडीवर येतो. मेटल बॉडीच्या लॅपटॉपवरून हात फिरवला की हलकी झिणझिण लागते ती हीच. तीन पिनच्या चार्जरला आपल्याकडे सर्रास तीनाचं दोन करणारा ॲडॅप्टर लावतात तेव्हा पण हेच होतं. हा करंट जायला वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे तुमची ऑडिओ केबल.

इथे कळकळीने सांगतो, हम घालवायला अर्थ पिन कधीही कापू नका, टेप लावून झाकू नका, सप्लायचा अर्थ काढू नका. २३० व्होल्टच्या उपकरणात एक इन्सुलेशन फाटलं तर रिगचं आख्खं कॅबिनेट लाइव्ह होईल आणि तुमचा हात त्याच्यावर असेल. हम तुम्हाला मारत नाही, हे मारू शकतं. पावसाळ्यात विजांच्या वेळी अँटेनाची केबल रिगपासून काढून बाहेर ठेवणं आणि अर्थिंग नीट असणं हे ऑडिओच्या कितीतरी आधी येतं.

पहिली दुरुस्ती फुकटची

रिगचा सप्लाय, लॅपटॉपचा चार्जर, मॉनिटर, यूएसबी हब सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि त्या बोर्डाचं अर्थिंग खरंच चालू आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दोन वेगळ्या सॉकेटमधले अर्थ एकत्र आले की त्यांच्यातलं व्होल्टेजच कमी होतं. मग रिगच्या मागच्या ग्राउंड स्क्रूपासून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटपर्यंत जाड आणि आखूड वायर किंवा विणलेली तांब्याची पट्टी (ब्रेड) टाका. लॅपटॉपला स्क्रू नसतो, तिथे यूएसबी हबचं किंवा एखाद्या मेटल कनेक्टरचं शेल घ्या. ह्यामागचा विचार असा की लूपचा करंट जाणारच असेल तर त्याला जाड रस्ता द्यायचा, म्हणजे ऑडिओ शिल्डमधून फारसं काही जाणार नाही. डेस्कटॉप वापरणाऱ्यांना तर एवढ्यानेच बऱ्याचदा काम होतं.

लॅपटॉप आणि रिग दोन्ही एकाच १३.८ व्होल्ट सप्लायवर चालवत असाल, कार चार्जर लावून, तर त्या चार्जरमध्ये आयसोलेशन नसतं, दोघांचा निगेटिव्ह एकच असतो. तिथे पॉवरची निगेटिव्ह वायर आणि ऑडिओ शिल्ड मिळून नवा लूप तयार होतो, आणि रिग २० अँपिअर ओढतो तेव्हा त्यातला काही भाग तुमच्या बारीक ऑडिओ केबलमधून परत जायला बघतो. फील्ड डेला, म्हणजे घराबाहेर मैदानात रेडिओ चालवतो तेव्हा, हे खूप वेळा घडतं. शक्य असेल तर लॅपटॉप त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर ठेवा.

कुठून घ्यायचा ऑडिओ

हेडफोन जॅकमधून घेऊ नका असं नाही, पण तिथे व्हॉल्यूम नॉब फिरवला की रेकॉर्डिंगची लेव्हल बदलते. मागच्या ॲक्सेसरी किंवा डेटा सॉकेटवर फिक्स्ड लेव्हलचा आउटपुट असतो, त्याच्यावर व्हॉल्यूमचा परिणाम नाही, तोच घ्या. येसूच्या एफटी-८१७, ८५७, ८९७ ह्या सेटना ६ पिनचा मिनी डिन डेटा सॉकेट असतो, त्यात पिन १ डेटा इन, पिन २ ग्राउंड, पिन ३ पीटीटी (ट्रान्समिट चालू करायची लाइन) आणि पिन ५ वर १२०० बीपीएसचा डेटा आउट. ह्याच पिनवरून रेकॉर्डिंग, एसएसटीव्ही (आवाजातून चित्र पाठवणं), एफटी८ (कॉम्प्युटरवरचा डिजिटल मोड) सगळं होतं. दुसऱ्या कंपनीच्या सेटला मॅन्युअलमधला डायग्राम बघूनच सोल्डर करा, आणि डायग्राम सॉकेटच्या पुढून काढलाय की प्लगच्या मागून ते दोनदा बघा.

मोबाइल सेटच्या एक्स्टर्नल स्पीकर जॅकपासून सावध राहा. काही सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायर ॲम्प्लिफायरने चालवलेल्या असतात, कुठलीच ग्राउंड नसते. अशा जॅकमधली एक बाजू कॉम्प्युटरच्या ग्राउंडला लागली की ॲम्प्लिफायर आयसी जाऊ शकतो. तिथे ट्रान्सफॉर्मर हवाच. बाओफेंगसारख्या हँडीचा (हातात धरायच्या सेटचा) पण असाच एक प्रकार आहे, दोन जॅकच्या स्लीव्ह एकमेकांना लागल्या की तो पीटीटी दाबल्यासारखं धरतो, आणि लॅपटॉपच्या आत त्या दोन्ही एकाच ग्राउंडला जातात, म्हणजे केबल लावल्या लावल्या सेट आपोआप ट्रान्समिटमध्ये.

ट्रान्सफॉर्मरचा डबा

लागतात दोन ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, ६०० ओहम ते ६०० ओहम, एक रिसीव्हसाठी, एक ट्रान्समिटसाठी. फक्त रेकॉर्डिंगच करायचं असेल तर एकच पुरे. नवीन मिळतात, पण जुन्या डायल-अप मोडेम कार्डावरचा काळा चौकोनी ट्रान्सफॉर्मर पण अगदी ह्याच कामाचा आहे, टेलिफोन लाइन आणि कॉम्प्युटर वेगळे ठेवायलाच तो तिथे असायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर काहीतरी हाताला लागेल. गाडीच्या स्टीरिओसाठी विकतात तो ३.५ एमएमचा ग्राउंड लूप आयसोलेटर पण आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मरच असतो. गाण्याचा बेस त्यात मार खातो, पण आपल्याला ३०० ते ३००० हर्ट्झ पाहिजे, तेवढं तो व्यवस्थित देतो.

सोल्डर करायच्या आधी मल्टिमीटर लावा. दोन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स साधारण सारखा आला पाहिजे आणि एका वाइंडिंगपासून दुसऱ्यापर्यंत काहीच येता कामा नये.

रिसीव्ह बाजूला डेटा आउट आणि रिगचा ग्राउंड एका वाइंडिंगला, दुसऱ्या वाइंडिंगवरून साउंड कार्ड. साउंड कार्डाला लाइन इन असेल तर सरळ जोडा. फक्त माइक इनपुट असेल, जसं स्वस्तातल्या यूएसबी डाँगलला असतं, तर दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे माइक जॅकवर कंडेन्सर माइकसाठी २-३ व्होल्ट डीसी असतं, ते ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून गेलं की कोअर सॅच्युरेट व्हायला लागतो आणि आवाज बिघडतो, म्हणून मध्ये सिरीजमध्ये १ ते १० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर टाका, इलेक्ट्रोलायटिक असेल तर प्लस बाजू माइक जॅककडे. दुसरं म्हणजे लेव्हल कमी करायला १० किलो ओहम आणि १ किलो ओहमचा डिव्हायडर, त्याने साधारण २० डीबी कमी होतात, आणि हा डिव्हायडर कपॅसिटरच्या आधी, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला ठेवा. नवीन लॅपटॉपच्या एकाच कॉम्बो जॅकला चार पट्ट्यांचा प्लग लागतो, त्यात टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड आणि सगळ्यात मागे माइक. सरळ स्प्लिटर घ्या, डोकं खाजवायला नको.

ट्रान्समिट बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि तिथेच लोक घाई करतात. लॅपटॉपचा हेडफोन आउट फुल्ल केला तर १ व्होल्ट आरएमएसच्या आसपास देतो, म्हणजे पीक-टू-पीक २.८ व्होल्ट. वर सांगितलेल्या येसूच्या डेटा इनला १२०० बीपीएसच्या सेटिंगला फक्त ४० मिलिव्होल्ट पीक-टू-पीकच्या आसपास पाहिजे असतात. म्हणून १० किलो ओहम सिरीजमध्ये आणि १०० ओहम ग्राउंडला, असा ४० डीबीचा डिव्हायडर घालायचा. त्याने २.८ व्होल्टचे २८ मिलिव्होल्ट होतात, अगदी हवे तेवढे. काही लोक डिव्हायडर न घालता विंडोजचा व्हॉल्यूम ३ टक्क्यांवर ठेवतात. त्याने सिग्नल खाली येतो पण साउंड कार्डाचा नॉइज आणि केबलमधला हम तेवढाच राहतो आणि तोच ऑन एअर जातो. डिव्हायडर ट्रान्सफॉर्मरनंतर, रिगच्या अगदी जवळ, शक्यतो प्लगच्याच कव्हरमध्ये बसवा. मग सिग्नल सगळ्या केबलमधून मोठा होऊन जातो आणि वाटेत जे काही चिकटलं असेल ते पण शेवटी ४० डीबीने खाली येतं.

डबा मेटलचा घेतलात तर एक चूक हमखास होते. ३.५ एमएमच्या सॉकेटचा नट डब्याला लागतो आणि नट म्हणजेच शिल्ड, त्यामुळे दोन्ही बाजूंचे ग्राउंड डब्यातून एकत्र येतात आणि आतला ट्रान्सफॉर्मर नुसता शोभेला उरतो. कॉम्प्युटरच्या बाजूचे सॉकेट प्लास्टिकचे घ्या आणि डबा फक्त रिगच्या ग्राउंडला जोडा. डबा लिनिअर सप्लायच्या शेजारी ठेवू नका, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र छोट्यात सरळ हम टाकतं आणि त्याला कुठलंही आयसोलेशन अडवत नाही. फूटभर लांब सरकवा, तरी राहिलं तर डबा ९० अंशात वळवून बघा.

पीटीटी आणि कॅट, इथूनच आयसोलेशन गळतं

सगळं ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलं आणि मग पीटीटीसाठी साध्या ट्रान्झिस्टरची केबल लावली, किंवा कॅटची यूएसबी केबल थेट लावली, की कॉम्प्युटरचा आणि रिगचा ग्राउंड परत एक झाला. टाकीची पाच भोकं बुजवून सहावं उघडं ठेवल्यासारखं आहे हे. हम तसाच राहतो आणि माणूस म्हणतो ट्रान्सफॉर्मरने काही फरक पडला नाही.

पीटीटीला ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल देणारी, ग्राउंड न जोडणारी आयसी) लावा, पीसी८१७ किंवा ४एन३५ कुठलाही चालेल. यूएसबी सिरीयलच्या आरटीएस पिनवरून १ किलो ओहममधून एलईडीची बाजू, आणि ट्रान्झिस्टरची बाजू रिगच्या पीटीटी आणि ग्राउंडमध्ये, कलेक्टर पीटीटीला. खरा आरएस-२३२ असेल तर तो मायनसमध्ये पण जातो, म्हणून एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड समांतर टाका. कॅट केबल आयसोलेटेड मिळते, नाहीतर यूएसबी आयसोलेटर वापरा. सगळं झाल्यावर रिग आणि लॅपटॉप दोन्ही बंद, चार्जर आणि सप्लाय भिंतीतून काढलेले, जाड बाँडिंग वायर लावली असेल तर ती पण सोडवलेली, आणि सगळ्या केबल जोडून मल्टिमीटरने रिगच्या बॉडीपासून यूएसबीच्या शेलपर्यंत बघा. बीप वाजला तर कुठेतरी वाट राहिलीय, एकेक केबल काढत बीप कधी थांबतो ते बघा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर विसरू नका, त्याच्या शिल्डमधून पण अर्थ येतो. लॅनची साधी केबल मात्र सोडून द्या, इथरनेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आधीच असतो.

ज्या रिगमध्ये साउंड कार्ड आतच आहे

आयकॉम आयसी-७३०० सारख्या सेटमध्ये एका यूएसबी केबलवर ऑडिओ आणि कॅट दोन्ही येतं. इथे ऑडिओ डिजिटल होऊनच बाहेर पडतो, त्यामुळे केबलमधल्या हमचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि वर सांगितलेला डबा लागत नाही. पण यूएसबीचं ग्राउंड रिगच्या ग्राउंडला जोडलेलंच असतं, त्यामुळे लॅपटॉपचा नॉइज त्या शिल्डवरून रिगच्या बॉडीवर आणि तिथून अँटेना सिस्टिममध्ये जाऊ शकतो, आणि ट्रान्समिट करताना आरएफ उलट्या दिशेने लॅपटॉपमध्ये. आखूड आणि चांगली शिल्डेड केबल, त्याच्यावर फेराइट (आरएफ अडवणारा मणी), एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

यूएसबी आयसोलेटर घ्यायचा झाला तर एडीयूएम३१६० किंवा ४१६० आयसीचे छोटे बोर्ड मिळतात. ते १२ मेगाबिटच्या फुल स्पीडपर्यंतच चालतात, १६ बिट ४८ किलोहर्ट्झच्या साउंड कार्डाला तेवढं भरपूर झालं. पण त्या बोर्डावर ५ व्होल्टसाठी एक छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर असतो, बऱ्याचदा १ वॅटचा, म्हणजे २०० मिलिअँपिअरच देतो, आणि तो स्वतः पण थोडा नॉइज करतो. आयसोलेटर लावल्यावर वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सरकत्या स्पेक्ट्रमवर) ठरावीक अंतराने नवीन रेघा दिसल्या तर तोच कारण असतो. अँटेनापासून लांब ठेवा, दोन्ही बाजूला फेराइट घाला.

ट्रान्समिट केल्यावरच बिघडतंय, म्हणजे आरएफ

लक्षणं ठरलेली आहेत. रिसीव्हला सगळं स्वच्छ, पण ट्रान्समिटला ऑडिओ फाटतो, पीटीटी अडकून बसतो, माउस उड्या मारतो, यूएसबी डिस्कनेक्ट होतं. १०० वॅटवरून १० वॅटवर या. त्रास गेला तर आरएफ. मग डमी लोडवर १०० वॅट द्या, तरीही त्रास नाही तर आरएफ अँटेनाच्या बाजूने कोॲक्सच्या बाहेरच्या शिल्डवरून शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) येतोय. फ्लॅटच्या बाल्कनीत किंवा गच्चीवर एंड-फेड वायर (एका टोकाला केबल जोडलेली अँटेना) लावलेल्यांना हे जास्त भोगावं लागतं, कारण काउंटरपॉइज (अँटेनाच्या जोडीची दुसरी वायर) नसला की कोॲक्सच अँटेनाचा भाग बनतो.

इथे खरा उपाय ऑडिओत नाही, कोॲक्सवर आहे. मिक्स ३१ ह्या प्रकारच्या फेराइटचा मोठा टोरॉइड (कडं), एफटी२४०-३१, त्याच्यावर कोॲक्सचे १० ते १४ वेढे, हा कॉमन मोड चोक अँटेनाच्या फीड पॉइंटजवळ, एंड-फेड असेल तर तिथून काही मीटर खाली म्हणजे मधली केबल काउंटरपॉइजचं काम करेल, आणि जमलं तर दुसरा शॅकच्या तोंडाशी. त्यानंतर ऑडिओ आणि यूएसबी केबलवर फेराइट. दुकानदार कुठलाही फेराइट मणी देतो, पण एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झला) मिक्स ३१ मागा, ४३ वरच्या बँडला चांगला पण ४० आणि ८० मीटरला कमी पडतो. आणि मणी नुसता क्लिप करून सोडू नका, इंपीडन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे केबल एकदा घातली त्यापेक्षा चार वेळा फिरवली तर ढोबळ हिशोबाने १६ पट. म्हणून मोठ्या भोकाचा फेराइट घ्या आणि केबल आत-बाहेर फिरवा, रिगच्या टोकाला आधी.

तरीही राहिलं तर माइक किंवा डेटा सॉकेटची शिल्ड आत कुठे जोडलीय ते बघा. बऱ्याच उपकरणात ती कॅबिनेटला न जाता आधी सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जाते आणि शिल्डवरचा सगळा आरएफ बोर्डावर सोडते. ह्याला पिन १ प्रॉब्लेम म्हणतात, नील मन्सी ह्यांनी नव्वदच्या दशकात ऑडिओवाल्यांच्या हे लक्षात आणून दिलं. होमब्रू डबा बनवताना शिल्ड आत शिरल्या शिरल्या त्याच बाजूच्या चॅसीला जोडायची, एवढं पाळा.

कॉम्प्युटरमधल्या सेटिंग

विंडोजमध्ये रिगचं साउंड कार्ड डीफॉल्ट डिव्हाइस असू देऊ नका. लॅपटॉपचा स्पीकर डीफॉल्ट ठेवा आणि रिगचं कार्ड फक्त त्या त्या सॉफ्टवेअरमध्ये निवडा. नाहीतर व्हॉट्सॲपची टिंग ऑन एअर जाते आणि व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट) असाल तर ती टिंग स्वतःच ट्रान्समिट चालू करते. रिगच्या कार्डासाठी ऑडिओ एन्हान्समेंट्स पूर्ण बंद, माइक बूस्ट ०, दोन्ही बाजूंना ४८००० हर्ट्झ. नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन सगळं माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं आहे, त्याला सीडब्ल्यू (मोर्स) आणि एफटी८ म्हणजे नॉइजच वाटतो आणि ते पुसून टाकायला बघतं. लिनक्समध्ये सीएम१०८ चिपच्या स्वस्त डाँगलला अल्सामिक्सरमध्ये ऑटो गेन कंट्रोल असतो, तो एम दाबून बंद करा. रेकॉर्डिंगमध्ये कोणी बोलायचं थांबलं की मागचा नॉइज हळूहळू फुगत असेल तर पहिला संशय ह्याच्यावर घ्या, रिगची स्वतःची एजीसी (ऑटो गेन) स्लोवर असली तरी असं होतं म्हणा, ती फास्टवर करून बघा.

एफटी८ च्या डब्ल्यूएसजेटी-एक्स सॉफ्टवेअरमध्ये फक्त बँडचा नॉइज असताना डावीकडचा मीटर ३० डीबीच्या आसपास ठेवा. ट्रान्समिटला रिग डेटा मोडमध्ये, स्पीच प्रोसेसर बंद, आणि पॉवर स्लायडर खालून वर नेत जा. मीटरवर एएलसी (जास्त झालेला ऑडिओ दाबणारं सर्किट) हलायला लागली की थोडं मागे या, तिथेच थांबा. ऑडिओ टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये ठेवायचं कारण पण समजून घ्या. ७०० हर्ट्झवर पाठवलं आणि थोडं जरी डिस्टॉर्शन असेल तर १४०० आणि २१०० ला तुमच्या नकला उभ्या राहतात आणि दोन्ही फिल्टरच्या आत असल्याने बिनधास्त बाहेर पडतात. १६०० वर असाल तर दुसरी हार्मोनिक ३२०० ला पडते, ती रिगचं फिल्टर खातं. ह्याच सॉफ्टवेअरमधलं 'स्प्लिट ऑपरेशन' हे सेटिंग 'रिग' किंवा 'फेक इट'वर ठेवलं की सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळतं.

आता रेकॉर्डिंग

पीक मायनस १२ डीबीच्या आसपास ठेवा, जवळचं एखादं दणदणीत स्टेशन आलं तरी शून्याला टेकता कामा नये. क्लिप झालेला ऑडिओ नंतर सुधारत नाही, कमी लेव्हलचा वाढवता येतो. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो डब्ल्यूएव्ही फाइल तासाला ३४६ एमबीच्या आसपास होते, आजच्या डिस्कला हे काहीच नाही, त्यामुळे सुरुवातीलाच एमपीथ्री करू नका. नेट (बऱ्याच स्टेशनांचं ठरलेल्या वेळेचं बोलणं) रेकॉर्ड करत असाल तर स्टीरिओ घेऊन डाव्या चॅनेलला रिसीव्हर आणि उजव्याला स्वतःचा माइक ठेवता येतो, नंतर कोण काय बोललं ते वेगळं काढायला फार सोपं जातं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून एसएसटीव्ही चालू असतं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झ एफएमवर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद करणारं सर्किट) पूर्ण उघडा ठेवून पास, म्हणजे स्थानकाची आपल्या आकाशातली फेरी, संपेपर्यंत सलग रेकॉर्ड करा. तिथे बहुतेक वेळा पीडी१२० मोड असतो, एका चित्राला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि स्क्वेल्च मध्ये बंद झाला की तेवढ्या रेघा गेल्या. चित्र तिरकं आलं तर आयसोलेशनला दोष देऊ नका, तो साउंड कार्डाच्या क्लॉकमधला किरकोळ फरक असतो आणि एसएसटीव्ही सॉफ्टवेअरमधल्या स्लँट करेक्शनने सरळ होतो. एसएसटीव्ही किंवा डिजिटल सिग्नलच्या फाइलवर नॉइज रिडक्शन कधीच चालवू नका. बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर २०० किंवा ३०० हर्ट्झचा हाय-पास पुरतो, थोडाफार उरलेला ५० हर्ट्झ त्यातच जातो.

स्वतःचा ट्रान्समिट ऑडिओ कसा जातोय ते ऐकायला नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (ब्राउझरमधून ऐकायचा रिसीव्हर) उघडा, २० मीटर बँड उघडा असताना, म्हणजे सिग्नल तिथवर पोचत असताना, कॉल देऊन स्वतःलाच रेकॉर्ड करा, त्यात रेकॉर्डचं बटण दिलेलंच आहे. बँड बंद असेल तर डमी लोडवर कमी पॉवर देऊन शेजारच्या खोलीत आरटीएल-एसडीआर (छोटा यूएसबी रिसीव्हर) लावून ऐका. दोन फाइल्स करा, एक लॅपटॉप बॅटरीवर आणि एक चार्जरवर, आणि पुन्हा प्लॉट स्पेक्ट्रममध्ये शेजारी ठेवून बघा. फाइलच्या नावात तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी आणि मोड टाका, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. जपून ठेवायच्या फाइल्स एफएलएसीमध्ये करा, त्यात काहीच हरवत नाही, आणि ग्रुपवर टाकायला वेगळी छोटी एमपीथ्री कॉपी काढा.